पाचशे शेअरांचा एक

मित्रांनो, मला हातात घ्यायचं असेल तर आधी बोटं पुसून या. लोणी लागलेली बोटं मला मुळीच चालत नाहीत. माझं वय झालं आहे, कडा मऊ पडल्या आहेत, एका कोपऱ्यावर कॉफीच्या कपाचा गोल डाग आहे आणि मधोमध तीन भोकं आहेत. तरीही सांगतो, असा कागद आता कुठे बनत नाही. मी आहे हेमलॉक फोर्क टेकडी कंपनीचा शेअर दाखला, क्रमांक दोनशे बारा. माझ्याभोवती हिरव्या वेलबुट्टीची चौकट आहे. वर टेकडीचं चित्र आहे, आणि खाली शिक्का असा उठवलेला आहे की डोळे मिटून बोट फिरवलं तरी तो कळतो.

हेमलॉक फोर्क हे मिशिगनच्या अगदी उत्तरेचं गाव. इथे बर्फ खिडक्यांवर मोजतात. खालच्या खिडक्या बुजल्या की लोक म्हणतात, हिवाळा आला. वरच्या बुजल्या की म्हणतात, यंदा जरा जास्तच झालं. गावातली बहुतेक घरं फिनलंडहून आलेल्यांची. बाप खाणीत आणि जंगलात राबायचे आणि पोरं हिवाळाभर घरात बसून एकमेकांच्या झिंज्या उपटायची. शेवटी १९४९ साली गावानं ठरवलं, टेकडीवरची झाडं काढायची, पोरांना घसरायला चांगला उतार करायचा, आणि वर जायला दोराची लिफ्ट बसवायची. त्यासाठी कंपनी काढली. पैसा कुणाच्याच खिशात नव्हता, पण कुऱ्हाडी घरोघरी होत्या. मग नियम केला: एक दिवस झाडं तोडा, एक शेअर घ्या.

एइनो कार्वोनेननं पाचशे दिवस कुऱ्हाड चालवली. खाण बंद असली की तो टेकडीवर, सुट्टी असली की टेकडीवर. बायको हिल्मा त्याचं जेवणही तिथेच पोचवायची. सगळं मिळून सहा वर्षं लागली. त्या कामाचे पाचशे शेअर त्याच्या नावावर जमा झाले, आणि मग त्यानं गावातले सगळे बाप जे करायचे तेच केलं. आमच्या गावची रीत अशी, की मूल पंधरा वर्षांचं झालं, चर्चमध्ये दीक्षा घेऊन मोठ्यांत गणलं जाऊ लागलं, की त्याच दिवशी बापानं त्याच्या नावावर शंभर शेअर करून द्यायचे. दुसऱ्या गावांत मुलांना घड्याळ मिळतं. आमच्याकडे टेकडी मिळायची.

एइनोला चार मुलं. रेइनो, आयली, आर्वो आणि ताइमी. चौघांना शंभर शंभर आणि हिल्माला शंभर. स्वतःच्या नावावर त्यानं एकही ठेवला नाही. "सगळ्यांना सारखं दिलं, आता भांडायला कारण उरलं नाही," असं तो अभिमानानं सांगायचा. बिचाऱ्याला काय ठाऊक!

माझ्यावर नाव चढलं १९६१ च्या मे महिन्यात. कंपनीची कारकून होती व्हिएनो हाल्टुनेन, सडपातळ बाई, पण अक्षर छापल्यासारखं. तिनं काळ्या शाईनं 'आयली कार्वोनेन' असं लिहिलं, मला शिक्क्याच्या यंत्रात सरकवलं आणि दांड्यावर अक्षरशः लोंबकळली. मला चांगलंच दुखलं. पण बाहेर आलो तेव्हा मी साधा कागद राहिलो नव्हतो. आयलीनं मला दोन्ही हातांत धरलं आणि बापाला विचारलं, "आता यातली कुठली झाडं माझी?" एइनो म्हणाला, "झाडं तर तोडली गं. जिथे ती नाहीत ते सगळं तुझं."

त्यानंतरचे दिवस माझे सुखाचे. दर ऑक्टोबरात टेकडीच्या पायथ्याच्या लाकडी खोलीत कंपनीची सभा भरायची. वाटाण्याचं सूप असायचं, वेलदोड्याचा गोड पाव असायचा, आणि कॉफी तर बादलीनं. ज्याच्या नावावर शेअर, त्यानं उभं राहून काहीही विचारावं, असा नियम होता. दाखला सोबत आणायची गरज नसायची, पण आयली मला आणायचीच. ती उभी राहायची, मला हवेत हलवायची आणि विचारायची. दोर जुना झालाय, कधी बदलणार? खोलीचं छप्पर गळतं, कुणाच्या डोक्यावर पडायची वाट बघताय? ती पुढे शाळेची बस चालवू लागली, आणि एका सभेत तिनं मागणी केली की दर बुधवारी शाळा सुटल्यावर मुलांना लिफ्ट फुकट हवी. ज्या घरात तिकिटाला पैसे नाहीत त्या घरची मुलंही टेकडीवर आली पाहिजेत. अर्धा तास वादावादी झाली आणि हात वर झाले. तेव्हापासून हिवाळ्यात दर बुधवारी आयलीची बस शाळेतून थेट टेकडीवर. खिडक्यांतून नुसता कालवा.

मग माझे वाईट दिवस आले. कंपनीनं कधी नफा वाटला नाही, म्हणून लोकांना आमची किंमत वाटेनाशी झाली. आयलीनं मला विणकामाच्या नमुन्यांखाली टाकलं. हिल्मा वारली आणि तिचा दाखला आयलीच्या नावावर होऊन माझ्याशेजारी आला. एइनो तर त्याआधीच गेला होता. १९९४ साली आर्वो गेला. तो वर्षभर दवाखान्यात होता. त्याचा दाखला त्याची बायको डोरीन हिच्या नावावर झाला. आणि त्यानंतर दोन महिन्यांत डोरीननं तळ्याकाठची सौना विकली.

सौना म्हणजे काय ते आमच्या गावात सांगावं लागत नाही. शनिवारी गरम वाफेत घाम काढायची, न्हायची, भांडण मिटवायची जागा. कार्वोनेनांची सौना थोरल्या रेइनोनं स्वतःच्या हातानं बांधली होती, पण जमीन आर्वोच्या नावावर होती. डोरीननं ती शिकागोच्या कुणा दंतवैद्याला विकली. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. त्या दिवसापासून रेइनोनं तिचं नाव टाकलं. रस्त्यात दिसली तर तो समोरच्या बाजूला जायचा. तिच्याविषयी बोलायची वेळ आलीच तर 'ती बाई' म्हणायचा. अकरा वर्षं, मित्रांनो. एकाच गावात, एकाच चर्चमध्ये.

२००५ चा जानेवारी उजाडला आणि कंपनीचं पत्र आलं. तोवर कंपनीचा मोठा हिस्सा कॉलियर नावाच्या दक्षिणेकडच्या माणसाकडे गेला होता. गाव सोडून गेलेल्यांचे शेअर त्यानं एकेक करून विकत घेतले होते. माणूस वाईट नव्हता, नीट बोलायचा, टोपी काढून बोलायचा. पण टेकडी त्याला हिशेबाच्या वहीतूनच दिसायची. पत्रात लिहिलं होतं की भागधारकांची संख्या फार झाल्यामुळे, पाचशे जुन्या शेअरांचा एक नवा शेअर करण्यात येत आहे.

पोस्टात नुसता आनंदीआनंद. कोस्की बंधू तर एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. "एकाची किंमत पाचशे पट झाली रे!" आयलीला मात्र ते पटेना. तिनं मला पिशवीत घातलं आणि सरळ व्हिएनोकडे गेली. व्हिएनो आता ऐंशीची होती, पण भागधारकांची वही अजून तिच्याच ताब्यात होती.

"व्हिएनो, पाचशेचा एक म्हणजे या दाखल्याचे किती?"

"यावर शंभर. शंभराला किती येतात?"

"पाचवा हिस्सा."

"पाचवा हिस्सा ते देणार नाहीत. पूर्ण एक होत नसेल त्यानं पैसे घ्यावेत आणि घरी जावं, असं लिहिलंय. शेवटून दुसरा परिच्छेद. चष्मा लाव की!"

आयलीनं चष्मा लावला. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. शेअरामागे नऊ डॉलर, आणि नाव वहीतून बाद.

व्हिएनोनं टेबलावरचा पाव पुढे ओढला. "हे बघ. शेअर एकत्र करण्यात एरवी काही पाप नाही. दहा तुकडे होते, त्यांचा एक मोठा तुकडा केला. वजन तेवढंच, पाव तेवढाच. नऊ डॉलर हा भावही काही वाईट नाही, मी बघितलाय. पण कॉलियरनं तुकडा केला एवढा मोठा, की तो घ्यायला गावात कुणाकडे ताटच नाही."

"पण पाचशेच का? शंभर का नाही?"

व्हिएनोनं मान खाली घातली. "त्यानं मला विचारलं होतं, गावात एका नावावर जास्तीत जास्त किती शेअर आहेत. मी म्हटलं, शंभर, फार तर दोनशे. सगळ्यांनी मुलांना वाटून टाकलेत. मला काय माहीत गं तो कशासाठी विचारतोय! मी आपली वही उघडून दाखवली."

आयलीनं चष्मा काढला. बापानं जे प्रेमानं केलं होतं, त्यानंच घराचा पाय खेचला होता. तिला बापाचा राग आला आणि राग आल्याचं वाईटही वाटलं.

"आणि बुधवार?" तिनं विचारलं.

"बुधवारची फुकट लिफ्ट बंद करायचा विषय ऑक्टोबरच्या सभेत घेणार आहेत. तेव्हा त्या खोलीत विरोधात बोलायला गावचं कुणी नसेल."

"काहीच मार्ग नाही?"

"आहे की. मला कुणी विचारलंच नाही, म्हणून सांगितला नाही. अठरा फेब्रुवारीला, शुक्रवारी, चार वाजता वही बंद होणार. तोवर एका नावावर पाचशे दिसले, तर एक नवा शेअर द्यावाच लागेल. पण नाव एकच हं. पाच जणांची नावं एका शेअरवर मी घालू देणार नाही. मग सभेला कोण बोलणार यावरून तुम्ही माझ्याच दारात मारामाऱ्या कराल."

आयलीनं बोटांवर मोजलं. मी आणि आईचा दाखला, दोनशे. रेइनो, ताइमी, आणि डोरीन. बरोबर पाचशे. एकही कमी पडून चालणार नव्हतं.

त्याच संध्याकाळी ती रेइनोकडे गेली. रेइनो दिवसभर रस्त्यावरचा बर्फ ढकलून आला होता आणि मांसबटाट्याची गरम पेस्टी हातात घेऊन खात होता.

"मी माझे विकणार," तो तोंड भरलेलंच ठेवून म्हणाला. "नऊशे डॉलर मिळतायत. ट्रकला चार टायर येतील."

"बाबांनी टायरसाठी झाडं तोडली होती का रे?"

"बाबांच्या ट्रकला टायर होते."

"रेइनो!"

"बरं, समज दिले. नाव कुणाचं घालणार?"

"माझं."

"तुझं? उद्या तुला काही झालं की तुझा पोरगा ॲरिझोनात बसून फोनवर विकेल. त्याला बर्फाचं नाव काढलं तरी सर्दी होते."

"मग तुझं घालू?"

रेइनोनं पेस्टी खाली ठेवली. त्याचा जावई कसिनोत जुगार खेळतो, हे त्यालाही माहीत होतं आणि आयलीलाही.  मग त्यांनी मिलवॉकीला ताइमीला फोन लावला. ताइमी शेंडेफळ, बोलायला फटकळ. "तुम्हा दोघांवर माझा काडीचा विश्वास नाही," ती म्हणाली. "तू भोळी आहेस आणि तो कंजूष आहे. माझं नाव घालू नका, मी सभेला सहाशे किलोमीटर येणार नाही. मग उरलं कोण?"

उरलं कोण, ते तिघांनाही कळलं. 

"त्या बाईच्या नावावर?" रेइनो ओरडला. "जिनं सौना विकली, ती शेअर विकायला किती वेळ लावेल? पाच मिनिटं?"

"ती पन्नाशीची आहे," ताइमी फोनमधून म्हणाली. "गावात राहते. चार लोकांत न ओरडता बोलू शकते, जे तुम्हा दोघांना जमत नाही. आणि तिच्यावर आपला तिघांचा सारखाच अविश्वास आहे. कुणी रुसायचं कारण नाही."

रेइनो उठून बाहेर गेला आणि त्यानं अंगणातला बर्फ उपसायला सुरुवात केली. अंगण सकाळीच साफ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आयली डोरीनकडे गेली. डोरीन गावच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची, आणि आर्वो गेल्यापासून एकटीच राहत होती. आयलीनं मला टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. नाव कुणाचं हा भाग तेवढा शेवटी ठेवला. पण डोरीननं तिथवर ऐकलंच नाही. ती आत गेली, आर्वोचा दाखला घेऊन आली आणि पाठीमागे सही करून मोकळी झाली.

"अगं, नाव तर ऐक!"

"कुणाचंही घाला. आर्वो तिथे घसरायला शिकला."

"तुझंच घालायचंय, डोरीन."

डोरीनचा हात तसाच राहिला. "रेइनोला विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"अंगणातला बर्फ उपसला."

डोरीन हसली, पण डोळे भरून आले होते तिचे. "तर मग मला नको. त्यानं माझ्या तोंडावर येऊन सांगितलं तरच मी घेईन. मागून बोलणी खायची माझी आता ताकद नाही."

मित्रांनो, मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलो. मला वाटायचं, माझी किंमत माझ्या शिक्क्यात आहे. आता कळलं की माझं पुढचं सगळं एका हट्टी माणसाच्या जिभेवर अवलंबून आहे, आणि ती जीभ अकरा वर्षं हललेली नाही.

डोरीनची अट आयलीनं रेइनोच्या कानावर घातली होती. अठरा तारीख उजाडली. रात्रभर बर्फ पडला होता. दुपारी अडीचला आयली आणि डोरीन व्हिएनोच्या कचेरीत येऊन बसल्या. तीनला ताइमी आली, सहाशे किलोमीटर गाडी चालवून, काखेत एक भलीमोठी लाकडी चौकट घेऊन. चौकटीत तिचा दीक्षेच्या दिवशीचा फोटो होता आणि फोटोखाली तिचा दाखला.

"काढ तो बाहेर," व्हिएनो म्हणाली. "पाठीवर सही लागते."

"निघत नाही. आईनं खळीनं चिकटवलाय."

"शाबास! हिल्मानं टेकडी भिंतीला चिकटवली." व्हिएनोनं कपाळाला हात लावला, मग खणातून एक कोरा फॉर्म काढला. "वेगळ्या कागदावर सही चालते. नियमात आहे. ही चौकट मी तशीच जमा करून घेईन, आणि कॉलियरनं विचारलं तर त्यालाच घरी न्यायला सांगेन."

साडेतीन झाले. रेइनोचा पत्ता नाही. पावणेचार झाले. आयली दर मिनिटाला खिडकीशी जात होती. ताइमीनं दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही. डोरीन हात मांडीवर ठेवून बसली होती. "मी सांगितलं होतं," एवढंच ती म्हणाली.

चारला दहा कमी असताना बाहेर बर्फ ढकलायच्या ट्रकचा आवाज आला. रेइनो आत आला. टोपीवर, भुवयांवर, सगळीकडे बर्फ. त्यानं कुणाकडेही पाहिलं नाही. डोरीनसमोर उभा राहिला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "तू मला विचारायला हवं होतंस."

"दवाखान्याचं बिल किती होतं माहीत होतं ना तुला?"

"होतं. मला सगळं माहीत होतं. म्हणून तर! विचारलं असतंस तर मी माझा ट्रक विकला असता."

"म्हणूनच नाही विचारलं," डोरीन म्हणाली. "ट्रक विकला असतास तर तू काय खाल्लं असतंस? आर्वोनं मला शपथ घातली होती, रेइनोकडे जायचं नाही म्हणून."

रेइनोचा चेहरा पाहवेना.  त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "गाढव होता तो," तो म्हणाला. "आणि मीही." मग कोटाच्या आतून दाखला काढला, चौपदरी घडी घातलेला, वर तेलाचे डाग. "नाव लिही हिचं," तो व्हिएनोला म्हणाला. "डोरीन कार्वोनेन. आडनाव नीट लिही. आमचंच आहे."

"मला अक्षर शिकवू नकोस," व्हिएनो म्हणाली. "आधी सही कर. चारला चार कमी आहेत."

आता पाळी माझी. आयलीनं मला पालथं घातलं. माझ्या पाठीवर एक रिकामी ओळ आहे, आपले शेअर दुसऱ्याला देताना तिथे त्याचं नाव लिहायचं असतं. चव्वेचाळीस वर्षं ती कोरी होती. आयलीनं पेन टेकवलं आणि थांबली. खरं सांगतो, तिला जड गेलं. एकदा हे लिहिलं की तिचं स्वतःचं नाव वहीतून कायमचं जाणार होतं. मग सभेत उभं राहणं नाही, विचारणं नाही. तिनं एक सुस्कारा सोडला आणि डोरीनचं नाव लिहिलं. पहिलं अक्षर जरा वाकडं आलंय, आजही दिसेल तुम्हाला.

व्हिएनोनं आमचे पाचही दाखले रद्द केले. चौकटीतल्यावर तिनं रद्दचा शिक्का मारला, आम्हा बाकीच्यांवर भोकं पाडायचं यंत्र चालवलं. तीन भोकं, एका ओळीत. दुखलं का? थोडंसं. पण लाज वाटली नाही. वहीत डोरीनच्या नावासमोर पाचशे हा आकडा चढला, तेव्हा घड्याळात चारला एक मिनिट कमी होतं. रद्द झालेले दाखले कंपनीनं ठेवायचे असतात. आयलीनं मला मागितलं तेव्हा व्हिएनोनं खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "वही बंद करायच्या गडबडीत एखादा कागद इकडेतिकडे होतो माणसाचा."

बाकीच्या गावाचं काय झालं? कोस्की बंधू तिघं होते, शेजाऱ्याचे दोन दाखले घेऊन पाचशे भरत होते. पण नाव कुणाचं यावर एकमत झालं नाही, आणि सोमवारी सगळ्यांच्या घरी चेक आले. पैसे चोख मिळाले, एक सेंटही कमी नाही. लोकांनी टायर घेतले, नवे शेगडीचे पाइप घेतले. मग मार्चमध्ये एकेक जण व्हिएनोच्या खिडकीशी यायचा आणि विचारायचा, वहीत आमचं नाव अजून आहे का गं? तीनशेच्या वर नावं होती त्या वहीत. उरली चौदा: डोरीन सोडली तर कॉलियर आणि त्यानं स्वतःचे शेअर देऊन सोबत घेतलेली माणसं. माझ्याबरोबर छापलेले, माझ्याच शिक्क्याखालून गेलेले सगळे भाऊबंद गेले. त्याचं मला फार वाईट वाटतं.

ऑक्टोबरात सभा झाली. त्याच खोलीत, पण सूप नव्हतं, पाव नव्हता, चौदा खुर्च्या तेवढ्या मांडलेल्या. आयली आणि रेइनो दाराजवळच्या बाकावर पाहुणे म्हणून बसले होते. मी आयलीच्या पिशवीत होतो. कॉलियर अध्यक्ष होता. बाकीचे संचालक गावातलेच, एक हार्डवेअरच्या दुकानाचा मालक, एक विम्याचा माणूस, असे.

"विषय चौथा," कॉलियर म्हणाला. "बुधवारची फुकट लिफ्ट बंद करणे. कुणाला काही विचारायचं आहे?"

आयली उठलीच. सवयच ती. तोंड उघडलंही होतं तिनं. रेइनोनं तिची बाही धरून खाली ओढलं. "बस खाली," तो म्हणाला, आणि त्याचा कुजबुजता आवाजही खोलीभर गेला. "आपलं माणूस बोलतंय."

डोरीन उभी राहिली होती. आवाज स्वच्छ होता. "अध्यक्ष महाराज, माझ्याकडे एक शेअर आहे. तुमच्यापुढे तो काहीच नाही, मतदानात मी हरणार हे मला माहीत आहे. मी फक्त एवढंच विचारते, की हा ठराव मांडतंय कोण? इतिवृत्तात मांडणाऱ्याचं नाव लागतं. भागधारक म्हणून त्याची प्रत मागायचा मला हक्क आहे, आणि ती प्रत मी पोस्टातल्या फळ्यावर लावणार आहे."

 हार्डवेअरवाल्यानं बुटाच्या नाड्या तपासल्या. त्याची दोन नातवंडं आयलीच्या बसमध्ये होती. विम्याच्या माणसानं छताकडे पाहिलं. कॉलियरनं एकेकाकडे नजर टाकली.

"मग तुमचं नाव लिहायचं का?" डोरीननं त्यालाच विचारलं, अगदी अदबीनं.

कॉलियरनं चष्मा काढला, पुसला. "राहू द्या," तो म्हणाला. "विषय पाचवा."

मित्रांनो, पुढच्या वर्षी हा विषय पुन्हा येईल. त्याच्या पुढच्या वर्षीही येईल. पण खोलीत विचारणारं कुणीतरी असेल, तोवर मला चिंता नाही. आता मी आयलीच्या स्वयंपाकघरात, खिडकीशेजारी, टाचणीनं लावलेला आहे. माझी बाजारात किंमत शून्य, आणि माझी मान ताठ आहे. तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा कागद असेल तर तो पुन्हा काढून बघा. त्याच्याविषयी पत्र आलं तर ते शेवटपर्यंत वाचा, कळलं नाही तर विचारा, लाजू नका. आणि मला उलटं करून माझ्या पाठीवरची ओळ वाचा. ज्या नात्यातल्या माणसाशी तुम्ही बोलणं टाकलं असेल, त्याचं नाव तिथे लिहायची वेळ तुमच्यावर येईल का, याचा विचार करा. येणार असेल तर चारला दहा कमी होईपर्यंत थांबू नका. आजच त्याच्या दारात जा.